तिसरा ठसा

"जिथं तू नसशील, तिथं तुझी खूण ठेवू नकोस."

आईचा आवाज चढलेला नव्हता. मी दहा वर्षांची होते. शाळेत मैत्रीण आली नव्हती म्हणून तिच्या नावाला मी आवाज बदलून "हजर" म्हटलं होतं आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत ते सांगितलं होतं. आईने हातातलं काम संपवलं, हात पुसले, मला बाईंच्या घरी नेलं आणि दारात उभं करून म्हणाली, "सांग." मी सांगितलं. परतीच्या वाटेवर ती एवढं एकच वाक्य बोलली.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ती गेली त्या दिवसापासून मी एक नेम धरला आहे. दिवसभरात एकही खोटा शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी दिवा लावला की दिवसाचं बोलणं आठवून बघायचं, काही निसटलेलं सापडलं तर दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहायचं. सकाळी उठल्यावर जप. तो पुरा होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, आणि माळेला तर्जनी लावायची नाही, हेही आईनेच शिकवलेलं. यामुळे घरात तशी अडचण काही होत नाही. फक्त आमचे हे म्हणतात, "पाहुण्यांना 'जेवून जा, घाई काय आहे' असं म्हणायचं काम कायम माझ्या गळ्यात येतं."

मी एका इस्पितळाच्या धुलाई विभागात हजेरी ठेवते. बावीस वर्षं झाली. तीनशे खाटांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं रोज तळमजल्यावर येतात, धुतली जातात, तापल्या रुळांतून इस्त्री होऊन निघतात आणि घड्या होऊन वर जातात. वाफ, जंतुनाशकाचा वास आणि ओली फरशी. याच ओल्या जिन्यावरून दोन वर्षांपूर्वी मी घसरले, तेव्हापासून माझा डावा पाय जरा घासत चालतो. विभागात आम्ही त्रेचाळीस माणसं. माझं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे हजेरीबाई म्हणतात. लाल कापडी बांधणीची वही दाराशी असायची. येणारा सही करायचा, ज्याला लिहिता येत नाही तो फुली मारायचा, आणि मी मान वर करून त्याचा चेहरा बघायची. सही कशी आहे यावरून घरी काय चाललंय तेसुद्धा मला कळायचं.

मग मशीन आलं. दाराच्या डाव्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, तळहाताएवढं. मधे काचेची छोटी चौकट, आत हिरवा उजेड. बोट ठेवलं की बाईचा आवाज यायचा, "ओळख पटली. धन्यवाद." गोड आवाज होता, जिला जगात कसलीच घाई नाही अशा बाईचा.

अधीक्षकांनी मला बोलावलं. "बाई, लोक तुमचं ऐकतात. तुम्ही मशीनजवळ उभ्या राहा, सगळ्यांची बोटं नोंदवून घ्या. आणि जो नाही म्हणेल त्याचं कारण लिहा. वरून मागितलंय, लोक थंब द्यायला का तयार होतात आणि का होत नाहीत."

"लिहिते," मी म्हटलं.

मी जुन्या वहीची कोरी पानं फाडून त्यावर रकाने आखले. नाव, हो किंवा नाही, कारण.

पहिल्या दिवशी रुळांवरच्या बायका आल्या. एक म्हणाली, इस्पितळात चाळीस माणसांनी हात लावलेल्या काचेला मी बोट लावू आणि तेच घरी नेऊन लेकराला भरवू का? मी फडकं आणि औषधाची बाटली आणून ठेवली, दर बोटामागे काच पुसली, तिने बोट दिलं. एक म्हणाला, बोटं चोरांची घेतात. त्याच्यामागे उभी असलेली त्याची मेहुणी म्हणाली, "मग तुमची आधी घ्यायला हवी, दाजी." सगळे हसले, हसण्याच्या भरात त्याने बोट ठेवलं. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा काचेकडे वाकून बघत म्हणाला, "हजेरीबाई, कुलूप बिघडलं तर नवं आणता येतं. हे चोरीला गेलं तर नवं बोट कुठून आणू?" "ते मला माहीत नाही," मी सांगितलं. पण तोही शेवटी म्हणाला, "तुम्ही दिलंत का?"

"दिलं. डावा अंगठा."

"मग घ्या."

कारणाच्या रकान्यात काय लिहावं, मला कळेना. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की यंत्रावर कुणाचाच विश्वास बसलेला नाही. शेजारी कोण उभं आहे एवढंच लोक बघतात. निम्म्या पानावर मी एकच वाक्य लिहिलं होतं, 'मी सांगितलं म्हणून.'

शेवटी एकच नाव उरलं.

विभागाच्या टोकाला एक अरुंद बोळ आहे आणि बोळाच्या शेवटी शिवणखोली. तिथे फाटक्या चादरींना टाके घालणारी बाई बसते. तिला सगळे सुईताई म्हणतात. सोळा वर्षं त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, पायाच्या मशीनवर. बारीक फाटलं असेल तर मशीन न लावता हाताने धावदोरा घालते, असा की रुग्णाच्या पाठीला टोचू नये. चालते भराभर, चपला टपटप वाजवत. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. घरी एकटीच. रविवारी तिला करमत नाही, हे तिने मला कितीदा सांगितलंय.

"सुईताई, आता तुम्ही एकट्याच राहिलात," मी म्हटलं.

"राहू दे ना. लिहा, म्हातारी हट्टी आहे."

"कारण लागतं."

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. सुईने टोचून टोचून शेंडे खरखरीत झालेले, कुठे चकचकीत, कुठे काळसर ठिपके.

"यात काय सापडणार आहे त्याला?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सगळ्यांसमोर नाही म्हणालं तर? माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं हो. याच्याशी काय करायचं?"

इतक्या लोकांत खरं कारण तिनेच सांगितलं, असं मला वाटलं. पण महिनाअखेर वही बंद होणार होती, आणि ज्याचं बोट नाही त्याला पुढच्या एक तारखेपासून काम नाही, असा कागद दाराला लागला होता.

"सगळे घरी गेले की या," मी म्हटलं. "कुणी नसेल. मी आणि मशीनवाले."

आली. मशीन बसवणारे हे मशीनवाले पन्नाशीचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, घाईत. त्यांनी समजावलं की एकच बोट तीनदा घेतात. तिन्ही ठसे जुळले की नोंद पक्की. दहा प्रयत्नांत जमलं नाही तर नाव रद्द, मग मुख्य कचेरीचं पत्र आणावं लागतं, त्याला दोन महिने.

पहिला ठसा चौथ्या प्रयत्नाला आला. मशीनवाल्यांनी तिला कपाळावर बोट घासायला सांगितलं, थोडं तेल येतं म्हणून. दुसरा सातव्याला आला. मग आठवा गेला. त्यांचा फोन वाजला. "एवढा घेऊन टाका तुम्ही," असं म्हणत ते बाहेर गेले. नववा गेला.

"पुन्हा प्रयत्न करा," मशीनमधली बाई म्हणाली. "शेवटचा प्रयत्न."

सुईताईने बोट मागे घेतलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, बोळाकडे बघत होती, आपल्या खोलीकडे.

मी माझी उजवी तर्जनी काचेवर ठेवली.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दया आली हे खरं. पण त्याच्याखाली एक हिशोबी विचारही होता, तो लपवत नाही. एकदा नाव चढलं की झालं, पुढे रोज हजेरीला मीच दाराशी आहे, सांभाळून घेता येईल.

"तिसरा ठसा मिळाला. नोंद पूर्ण. धन्यवाद."

"हे काय केलंत?" सुईताई म्हणाली.

"काही नाही. तुमचं नाव चढलं."

"दोन माझे आणि एक तुमचा. मग हे कुणाचं नाव झालं?"

"तुमचंच. आणि काही बिघडलं तर मी स्वतः ती नोंद काढून टाकीन. शब्द देते."

ती हसली. "तुमचा शब्द म्हणजे काय, दगडावरची रेघ."

त्या संध्याकाळी दिव्यापुढे बसून मी दिवसाचं बोलणं आठवलं. तोंडाने मी एकही खोटा शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवले.

पहिला आठवडा बरा गेला. सुईताईचं बोट मशीन दोन प्रयत्नांत ओळखायचं आणि ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवायची. दुसऱ्या सोमवारी मी दिवसाची छापील यादी तपासत होते. सुईताई रोज सात वाजायला दहा मिनिटं असताना येते. यादीत लिहिलं होतं, सहा वाजून दहा मिनिटं.

"लवकर आलात आज?"

"मी? मी तर नेहमीसारखी आले. दारातच भेटले की तुम्हाला."

मशीनचं घड्याळ चुकलं असेल. पण बाकी बेचाळीस जणांच्या वेळा बरोबर होत्या. मंगळवारी सहा दहा. बुधवारी सहा दहा. बुधवारी ती आली आणि तिने बोट ठेवलं, तर मशीन म्हणालं, "आपण आत आहात. धन्यवाद."

"बघा," सुईताई म्हणाली, "माझ्यापेक्षा हेच जास्त वक्तशीर."

ती हसली म्हणून मीही हसले. गुरुवारी ती हसली नाही. दुपारी मला शिवणखोलीत बोलावलं आणि एक चादर माझ्या मांडीवर टाकली.

"काल संध्याकाळी ढिगात फाटकी ठेवून गेले होते. आज आले तर शिवलेली. अशा सहा."

"दुसऱ्या कुणी..."

"दुसरं कोण शिवतंय इथं? आणि टाका बघा ना. माझाच आहे. पण नाही."

मी चादर खिडकीकडे धरली. बारीक, सरळ धावदोरा. दोन टाके इवलेसे, एकसारखे, सुईताई घालते तसे. तिसरा लांब, जरासा तिरका. पुन्हा दोन बारीक, पुन्हा एक लांब. टोकापर्यंत तसंच.

लहानपणी आई मला टाके घालायला शिकवायची. माझे सगळे टाके लांब आणि तिरके पडायचे. ती ते उसवायची आणि कापड परत हातात द्यायची. शेवटी तिनेच नाद सोडला. पन्नास वर्षांत मी साधं बटणसुद्धा लावलेलं नाही, ते हे लावतात. पण माझा टाका मी ओळखला. कुणी तरी पाठमोरं जाताना चालीवरून आपलंच माणूस ओळखावं, तसा.

सुईताईला मी ते सांगितलं. तिने चादर माझ्याकडून घेतली, घडी केली, ढिगावर ठेवली आणि हात पदराला पुसले.

शुक्रवारी जप आटोपून मी पावणेसहाला घर सोडलं. हे उंबऱ्याशी आले, फोन चेहऱ्यासमोर धरून. दात काढलेले असले की त्यांचा फोन त्यांना ओळखत नाही, त्याची ती रोजची झटापट.

"एवढ्या लवकर?"

"एक वेळ तपासायची आहे."

"या वयात तपासायची ती वेळच," ते म्हणाले आणि पुन्हा फोनशी भांडू लागले.

इस्पितळाचं ते दार सहाला उघडतं. दारावरचे पहारेकरी, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी कुलूप काढलं. उजाडलं होतं. मी मशीनसमोर स्टूल टाकून बसले. काच फडक्याने पुसली. मामा पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. दारातून कुणी आलं नाही. आत कुणी नव्हतं, मी सगळीकडे फिरून बघितलं होतं, शिवणखोलीतही.

सहा वाजून दहा मिनिटांनी मशीनचा हिरवा उजेड आपोआप लागला.

"ओळख पटली. धन्यवाद."

मी उठून काचेजवळ गेले. मधोमध बोटाच्या शेंड्याएवढी वाफ धरली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती कडांपासून आटत गेली.

"हजेरीबाई," मामा बाहेरून म्हणाले, "कोण आलं?"

मला खोटं बोलता येत नाही. "मशीन म्हणतंय, सुईताई आल्या."

"बरं," मामा म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

बोळाच्या टोकाकडून पायाच्या मशीनचा आवाज सुरू झाला. मी गेले. दार ढकललं तसा तो थांबला. खोली रिकामी होती. खिडकी बंद. मशीनच्या चाकाला हात लावला, तर ते कोमट होतं.

पुढच्या आठवड्यात अधीक्षकांनी शिवणखोलीचा आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. काम दुप्पट झालं होतं. "सुईताईंकडून शिका जरा," ते म्हणाले. "सहा दहाला हजर." सुईताई शेवटच्या रांगेत उभी होती, मान खाली घालून. आणि त्याच आठवड्यात वरून नवा हुकूम आला. मशीन ज्याला आत दाखवतं, त्याला दुसऱ्यांदा आत घ्यायचं नाही. लोक एकमेकांसाठी थंब मारतात, असा संशय म्हणून.

मंगळवारी सकाळी मी दाराशी होते. सुईताईने बोट ठेवलं.

"आपण आत आहात. धन्यवाद."

मामांनी हात आडवा केला. हळूच, कुणी दुखऱ्या माणसाला अडवतो तसा.

"मामा, मी आहे," ती म्हणाली.

"दिसतंय ना. सोळा वर्षं बघतोय तुम्हाला."

"मग?"

"माझ्या ओळखीवर दार उघडत नाही आता, ताई."

"मी आत असेन तर ही इथं कोण उभी आहे?"

मामा माझ्याकडे बघू लागले. सुईताईही. तिच्या हातात डबा होता.

मी सरळ अधीक्षकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिसरा ठसा माझा. मी फसवलं. माझं काय करायचं ते करा, पण तिला आत घ्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. पडद्यावर सुईताईची नोंद उघडली.

"बाई, इथे तिन्ही ठसे जुळलेले दिसतायत. एका माणसाचे. तुमचा असता तर जुळलाच नसता."

"मी ठेवला होता."

"तुम्ही दमलाय. बावीस वर्षं वही सांभाळलीत, मशीनचा राग येतो माणसाला." आणि मग जरा ओशाळून, "आणि काम तर होतंय ना. उत्तम होतंय. मग अडचण नेमकी काय?"

अडचण रस्त्याच्या पलीकडे बाकावर बसली होती. त्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली. सकाळी सातला यायची, पाचला जायची, मांडीवर डबा. तिसऱ्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं ती अंगठ्याने सारखी चोळत होती.

"खरखर गेली," ती म्हणाली. "बघा."

शेंडे मऊ झाले होते, तुळतुळीत. टोचल्याची एक खूण नव्हती.

"काल घरी गेले तर शेजारीण म्हणाली, अगं, तू कामावर आहेस ना? तोंडावर म्हणाली. मग स्वतःच हसली. पण आधी म्हणाली ते खरं वाटून म्हणाली." सुईताई खिडकीकडे बघत होती, तिच्या खिडकीकडे, इथून एक कोपरा दिसायचा. "मला ती नोंद नको, हजेरीबाई. कामावरून काढलं तरी चालेल. मी नाहीशी नको व्हायला. तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय," मी म्हटलं.

मशीनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "नोंद पुसता येते. पण ज्याची नोंद त्यानेच बोट लावायला हवं. नाहीतर कुणीही उठून कुणाचंही नाव पुसेल. मी कचेरीतून उद्या सकाळी साडेसातला पुसायची सोय पाच मिनिटं चालू ठेवतो. तेवढ्यात त्या बाईंना आणा."

"पुसलं की काय राहतं?"

"काही नाही. मुळापासून जातं. तो माणूस कधी नव्हताच असं."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी माझी उजवी तर्जनी काचेवर ठेवली. "ओळख पटली नाही." सुईताईचं बोट आता तुळतुळीत, त्यात मशीनला काही सापडणार नव्हतं, आणि मशीनच्या लेखी ती आधीच आत होती. म्हणजे ज्याची ती नोंद होती, असं एकच कुणी तरी उरलं होतं.

रात्री दिव्यापुढे मी बराच वेळ बसले. आईने सांगितलं होतं, तू नसशील तिथं खूण ठेवू नकोस. मी ठेवली. मग ती खूण रिकामी कशी राहणार? आणि आता तिला जाऊन सांगायचं की जा, तू कधी नव्हतीस. एवढी गुणाची, वेळेवर येणारी, रुग्णाच्या पाठीला टोचू नये असे टाके घालणारी. तिचं तरी काय चुकलं? मी तिच्यासाठीही हात जोडले. काय नाव घ्यावं ते कळेना, म्हणून बिननावाचेच जोडले.

सकाळचा जप केला. निघताना यांनी विचारलं, "आज काय तपासायचंय?"

"आज दिलेला शब्द पाळायचाय."

त्यांनी मी वळेपर्यंत दार उघडं ठेवलं.

सुईताई बाकावर होती. मी मान हलवली, तिने हलवली. मामांना सांगून ठेवलं की साडेसातला कुणी मशीनकडे आलं तर अडवू नका.

"कोण येणार आहे?"

"सुईताई."

"बाहेरून?"

"आतून."

मामांनी टोपी काढून हातात घेतली.

सात पंचवीस. रूळ सुरू होते, वाफ होती, बायका बोलत होत्या. मी त्यांच्यामधून बोळात शिरले. तिथे आवाज कमी कमी होत जातो आणि शेवटी फक्त पायाचं मशीन ऐकू येतं. आत कुणी शिवत होतं.

दार मी ढकललं नाही.

तिला तुम्ही म्हणावं की तू, तेही ठरेना. सुईताईला मी तुम्ही म्हणते. स्वतःला कोण तुम्ही म्हणतं?

"ऐकतेस का," मी दाराशी म्हटलं.

मशीन चालू राहिलं.

"बाहेर एक जण बसली आहे. तिला मी शब्द दिलाय. नोंद काढून टाकीन असा."

मशीन हळू झालं.

"तिसरा ठसा माझा होता. म्हणजे तो शब्द तुझाही आहे."

मशीन थांबलं.

मग बोटातलं अंगुस्तान टेबलावर ठेवल्याचा आवाज. कात्री तिच्या जागी. सुईताई ठेवते तसंच, एकेक, नीट. खुर्ची सरकली.

मी भिंतीला टेकून वाट मोकळी केली. डोळे मिटले.

कडी निघाली. माझ्या समोरून गार, धुतल्या कापडाचा वास गेला आणि दाराजवळच्या हजेरीच्या मशीनच्या दिशेने पावलं निघाली, शांतपणे, कुणी ठरवून निघावं तशी.

दोन पावलं हलकी, टपटप. तिसरं घासत.

पुन्हा दोन. पुन्हा एक.